चौऱ्याऐंशीवं मशीन

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या कंपनीत गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला माणसांना एकाएकी फार काम निघायचं. कुणी बंद फोन कानाला लावून "हो हो, बोला" करायचं, कुणी कागदात नाक खुपसायचं, एखादा तर सरळ उठून जिना गाठायचा. कारण लिफ्टचं दार उघडून अपडेटकाका बाहेर पडलेले असायचे. किडकिडीत अंग, दोरीला लटकलेला चष्मा, काखेत वही, आणि चेहऱ्यावर "काही दुखणार नाही हं" असं हसू. कंपनीतली चौऱ्याऐंशी मशीनं ताजी ठेवणं हे त्यांचं काम आणि ती शिळी ठेवणं हा बाकीच्यांचा बाणा. एकोणीस वर्षं ही झोंबाझोंबी चालली होती.

सुरुवातीला काकांनी सूचना पाठवून पाहिल्या. पण सूचना वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पडद्यावर चौकोन आला की लोक तो डासासारखा झटकतात. मशीन बिचारं विचारतं, आत्ता करू की नंतर, आणि माणूस न वाचताच "नंतर" दाबतो. डिस्पॅचच्या बाईंनी एका अपडेटला सलग सात महिने "नंतर" म्हटलं होतं. शाळांना पुस्तकांची पार्सलं पाठवायचं काम त्यांच्याकडे. "काका, मागच्या वेळी तुम्ही काहीतरी केलंत आणि माझं प्रिंटचं बटण डावीकडून उजवीकडे गेलं. आठ दिवस डोकं आपटून घेत होते मी!" हे त्या दर गुरुवारी ऐकवायच्या. बटण जाऊन चार वर्षं झाली होती.

शेवटी काकांनी सूचना सोडल्या आणि पायपीट पत्करली. टेबलाटेबलाशी जायचं, खुर्ची ओढायची, आणि ज्याला जे औषध लागू पडेल ते द्यायचं.

खालच्या दोन मजल्यांवर साठ विंडोजवाले. "चालतंय ना? मग हात कशाला लावता?" हे यांचं ठरलेलं पालुपद. अपडेट म्हणजे काहीतरी बिघडणार, आणि तेही नेमकं आपलंच, अशी त्यांची पक्की श्रद्धा. यांना काका गळ्याची शपथ घेऊन सांगायचे, "हे शेवटचं बघा. आता वर्षभर काही नाही." दर गुरुवारी शेवटचं! आणि लोकही दर गुरुवारी विश्वास ठेवायचे.

तिसऱ्या मजल्यावर चित्रं काढणारे आणि पानं लावणारे तेवीस मॅकवाले. यांची तऱ्हाच उलटी. अपडेट यायचं म्हटलं की महिनाभर आधी चर्चा, आल्यावर एकमेकांच्या पडद्यात डोकावणं, "कोपरे काय सुरेख गोल केलेत!" यांच्या कानात काका सांगायचे, "खाली बोलू नका कुणाला, तुम्हाला आधी देतोय." दुसऱ्या दिवशी निम्म्यांचं पानं लावायचं सॉफ्टवेअर रुसलेलं असायचं, पण तक्रार करणार कोण? आदल्या दिवशी कौतुक करून बसलेले ना! थोरला चित्रकार एकदा पाच दिवस कागदावर पेन्सिलीनं काम करत होता. विचारलं तर म्हणाला, "हाताचं वळण जाऊ नये म्हणून."

आणि त्याच मजल्यावर खिडकीच्या कोपऱ्यात एकुलता एक लिनक्सवाला. कंपनीची वेबसाइट सांभाळायचा. खरं नाव पगारपत्रकावर असेल, बाकी सगळे त्याला स्वयंभू म्हणायचे. हा आपलं अपडेट आपण करणार, दिवसातून दोनदा. मोडलं की तीन दिवस जागचा हलणार नाही, दुरुस्त करणार आणि वर म्हणणार, "काका, मला कुणाची गरज लागत नाही. यालाच स्वातंत्र्य म्हणतात." तिन्ही दिवस त्याचा चेहरा बघवत नसे, पण असो. त्याला काका जाता जाता एवढंच म्हणायचे, "हे नवीन आलंय ना, ते तू नको हं टाकूस. तुला झेपायचं नाही." काका जिन्यापाशी पोचायच्या आत टाकलेलं असायचं.

खरी गंमत पुढेच होती. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत दोघांनाही काही काम नसतं, मग माणसं बोलतात. कुणाची मुलगी घरी येऊन बसलीय, कुणाच्या भावानं बोलणं टाकलंय, कुणाला डॉक्टरांनी काय सांगितलंय, सगळं काकांच्या कानावर. शिव्या घालत सुरू झालेली बैठक "बसा हो अजून पाच मिनिटं" वर संपायची. काकांना ते आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, त्यासाठीच ते जगत होते म्हणा ना. मुलगा दूर, घरी काकू आणि टीव्ही, आणि निवृत्तीला दोन वर्षं बाकी.

अशात मालकांच्या सूनबाईंनी कारभार हातात घेतला. बाई हुशार, बोलायला गोड, आणि घाईच्या. त्यांनी एक दिवस काकांना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, आपण नवी सिस्टीम घेतलीय. सगळी मशीनं आपोआप अपडेट होणार, व्हायरसच्या मेलही तीच अडवणार. कुणाला विचारायचं नाही, कुणाच्या मागे लागायचं नाही. तुमचे केवढे हाल होतात हो!"

"छान," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"फक्त एकदा सगळ्या मशीनवर एक शेवटचं अपडेट टाकावं लागेल. हातानं. सगळीच्या सगळी यादीत आली की सिस्टीम चालू. तोवर तुमची जुनी व्यवस्था आजपासून बंद ठेवू, दोन्हींचा गोंधळ नको. आणि नंतर तुम्ही गोडाउनला जा. शांत जागा आहे, पुस्तकांच्या खोक्यांवर लक्ष ठेवायचं. दोन वर्षं आरामात काढा."

गोडाउन शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे खोकी होती, पंखा होता, आणि आठवड्यातून एकदा ट्रक यायचा. काका घरी गेले तेव्हा जेवण अर्धं टाकून उठले. काकू म्हणाल्या, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? तुमचे लोक काय पटकन हो म्हणणार आहेत का? सात-सात महिने नंतर-नंतर करणारी माणसं ती! तुमची दोन वर्षं सहज निघतील."

काकांना हे बोलणं एकदम पटलं. एकोणीस वर्षं ज्या "नंतर"ला त्यांनी शिव्या घातल्या, त्याच्याच जिवावर आता सगळी आशा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डिस्पॅचच्या बाईंकडे गेले. खुर्चीसुद्धा ओढली नाही. "एक अपडेट होतं. घाई नाही अजिबात. बघा, पुढच्या महिन्यात वगैरे..."

"हेच ना ते? यानंतर तुम्ही येणार नाही ते?" बाईंनी पार्सलांचा ढीग बाजूला सारला. "टाका टाका! आत्ता टाका!"

बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती. लोक रांग लावून उभे होते हो! "काका, आधी माझं." "काका, मी मशीन बंद करूनच ठेवलंय, तुमचा वेळ नको जायला." तिसऱ्या मजल्यावर थोरल्या चित्रकारानं तर टाळी दिली, "सुटलो बुवा एकदाचे!" आणि मग काकांचा चेहरा पाहून म्हणाला, "म्हणजे तुम्हीच सुटलात, असं म्हणायचं होतं मला." तीन दिवसांत त्र्याऐंशी मशीनं झाली. गरज सरो, वैद्य मरो, हे काकांना माहीत होतं; पण इथे वैद्यालाच आपल्या मरणाच्या औषधाची बाटली हातात धरून फिरावं लागत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. एकानंही "बसा हो पाच मिनिटं" म्हटलं नाही.

उरलं चौऱ्याऐंशीवं. नवी सिस्टीम लिनक्स घेत नव्हती. सूनबाईंनी स्वयंभूला आणि काकांना समोरासमोर उभं केलं.

"तुमचं एक मशीन सिस्टीमबाहेर राहिलं तर त्याच्यासाठी वेगळा माणूस लागेल का?" त्यांनी स्वयंभूला विचारलं.

काका खाली बघत राहिले. याचं उत्तर त्यांना पाठ होतं. स्वयंभूनं दाढी खाजवली, काकांकडे बघितलं, आणि म्हणाला, "लागेल. मला एकट्याला नाही जमत. काकाच सांभाळतात माझं मशीन."

आयुष्यात पहिल्यांदा तो धडधडीत खोटं बोलला, आणि तेही स्वतःची इज्जत घालवून. काकांना भडभडून आलं. त्यांनी चष्मा पुसायला काढला.

"असं होय?" सूनबाई म्हणाल्या. "मग प्रश्नच मिटला. जमत नसेल तर कशाला ठेवायचं ते? काका, त्यांना इतरांसारखंच विंडोज टाकून द्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काका सीडीच्या काळापासूनच्या सवयीनं सगळं नीट पिशवीत भरून स्वयंभूच्या टेबलाशी गेले, तर तो म्हणाला, "आज नको, बॅकअप चाललाय. नंतर." दुसऱ्या दिवशी त्याला शाळांच्या ऑर्डरी आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मान लचकली होती. विंडोजवाल्यांच्या "नंतर"वर अकरा वर्षं हसलेला हा माणूस आता असा काही "नंतर" म्हणत होता, की डिस्पॅचच्या बाईंनी शिकवणी लावावी. काका रोज सकाळी यायचे, खुर्ची ओढायचे, तो "नंतर" म्हणायचा आणि दोघं गप्पा मारत बसायचे. स्वयंभूला गाता येतं हे काकांना तेव्हा कळलं.

"जगू द्या त्याला, आणि तुम्हीही जगा," काकू म्हणाल्या. काका हसले. पण वहीत एका नावापुढे रिकामा चौकोन होता आणि तो त्यांना रात्रंदिवस खुपत होता. जुनी व्यवस्था बंद, नवी सुरू नाही. कंपनीतली त्र्याऐंशी मशीनं संरक्षणाविना उघड्यावर पडली होती आणि हे फक्त काकांनाच ठाऊक होतं. एक दिवस, दोन दिवस, असं म्हणता म्हणता अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दुपारी डिस्पॅचच्या बाईंची किंकाळी ऐकू आली. "तुमचं पार्सल अडकलं आहे" अशी मेल आली होती. पार्सलं हेच काम असलेली बाई ती मेल उघडणार नाही तर काय करणार? उघडली, आणि फायली एकेक करून कुलूपबंद व्हायला लागल्या. काका तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली उतरले, टेबलाखाली शिरले आणि मशीनची केबल उपटली. बाकीची मशीनं वाचली. बाईंच्या फायली गेल्या. त्या काकांनी बॅकअपमधून साडेचारपर्यंत परत आणून दिल्या.

मग काय विचारता! बाई रडत रडत म्हणाल्या, "काका, तुम्ही होतात म्हणून!" मजला टाळ्या वाजवायला लागला. थोरला चित्रकार खाली येऊन हात दाबून गेला. सूनबाई स्वतः आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गोडाउनचं आपण जरा परत बघू या काका. असा माणूस हाताशी हवाच."

एकोणीस वर्षांत काकांसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आणि त्या वाजत असताना काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवी सिस्टीम चालू असती तर ती मेल बाईंपर्यंत पोचलीच नसती. सिस्टीम बारा दिवस कुणासाठी अडून राहिली होती हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले.

"बघितलंत?" स्वयंभूनं खुशीत खुर्ची पुढे सरकवली. "आता तुम्हाला कोण हलवतंय! बसा."

"ऊठ. मशीन दे."

"नंतर, काका."

"नंतर नाही. आत्ता."

"अहो, तुम्हीच जाल गोडाउनला! माणसं नाहीत तिथे, खोकी आहेत."

"मला माहितीये रे," काका म्हणाले. "पण ती बाई आज माझ्यामुळे रडली. ऊठ, राजा."

स्वयंभू उठला. काका बसले. पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढे सरकत राहिली आणि दोघं उभ्या-बसल्या तिच्याकडे बघत राहिले. मशीन सुरू झालं. काकांनी यादी उघडली, चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी हिरवी झाली होती, आणि सिस्टीम आपली आपण कामाला लागली होती. त्यांनी वहीतला चौकोन भरला आणि उठले.

"सगळं चालतंय का बघून घे," ते म्हणाले. "काही अडलं तर हाक मार. मी आहे साडेपाचपर्यंत."

तेव्हा पाच वीस झाले होते.