तीन सरकारं आणि एक मुलगा

जे. पी. नगरातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ते वर्षभर येत राहिले. साठीचे गृहस्थ. प्रत घेण्याआधी हात शर्टाला पुसायचे. थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी देतो म्हणून दलालांनी त्यांच्या मुलाला नेलं आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये कोंडलं. तिथे फोनवरून लोकांना फसवायचं काम. नाही म्हटलं की मार.

ते दिल्लीला अर्ज पाठवत. उत्तर ठरलेलं: तिन्ही देशांच्या सरकारांची बोलणी चालू आहेत.

"बोलू देत, अक्का," एकदा ते कन्नडमध्ये म्हणाले. "पण माझा पोरगा माझ्याशी कधी बोलणार?"

मी त्यांना पाणी दिलं.

गेल्या महिन्यात ते धापा टाकत आले. फोनवर आलेलं इंग्रजी पत्र मी छापलं आणि कन्नडमध्ये वाचून दाखवलं. मुलगा सुटला होता. थायलंडमार्गे त्याला भारतात पाठवणार होते.

ते स्टुलावर बसले. "स्वल्प, जरा हळू वाचा, अक्का. त्याच्या नावापासून."

मी चारदा वाचलं. दर वेळी नाव आलं की ते डोळे मिटून, मुलाच्या वतीनं, "हो" म्हणत होते.