तिच्या कार्डावर माझं रक्त

आश्रमशाळेत असताना मी एकदा मैत्रिणीच्या नावानं रक्त दिलं.

तालुक्याहून नर्सबाई तपासणीला आल्या होत्या. ज्या मुलीचं रक्त कमी निघेल, तिला दुसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या धावण्याच्या स्पर्धेला नेणार नव्हते. माझी मैत्रीण शाळेत सगळ्यांत वेगानं पळायची. पण अलीकडे ती कच्चे तांदूळ चघळायची आणि विहिरीवरून येताना दोनदा थांबायची.

"तुह्या अंगात लय रक्त हाये, एक थेंब दे ना वं," ती म्हणाली. "तुले कुठी पळाचं हाये?"

मला हसू आलं. आधी माझं बोट टोचून घेतलं. मग ओढणी बदलून, तिचं कार्ड घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिले. मुली साठ होत्या; बाईंनी मान वर केली नाही.

संध्याकाळी खेळाच्या सरांनी घेतलेल्या सरावात ती दुसऱ्याच फेरीत थांबली. ओठ राखेसारखे झाले होते, गळ्याजवळची शीर थडथड उडत होती.

"काई नाई सर, पोट दुखून राह्यलं."

"मग लवकर झोप. सकाळी सहाला निघायचं," सर म्हणाले.

व्हरांड्यात नर्सबाई सामान आवरत होत्या. मैत्रिणीनं माझी नजर ओळखली.

"सांगशीन, त मी जलमभर बोलनार नाई."

मला स्वतःसाठीही भीती होती. नाव कापून घरी पाठवलं तर? आमच्या घरातून शाळेत आलेली मी पहिलीच. बाईंनी डबा बंद केला. मी पुढे जाऊन दोन्ही टोचलेली बोटं दाखवली.

"बाई, तिच्या कार्डावरचं रक्त माझं हाये."

बाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. पुन्हा टोचलं, आकडा सरांना हळूच सांगितला. सर जीप काढायला धावले.

"झालं समाधान?" जीपमध्ये चढताना ती मला म्हणाली.

दवाखान्यात तिला दोन पिशव्या रक्त चढवलं. माझं नाव बाईंनी कुठेच लिहिलं नाही. मी पदवीपर्यंत पोचले, त्यात त्यांचे उपकार आहेत.

पुढच्या वर्षी निवडीच्या वेळी ती चारही फेऱ्या पळाली. दर फेरीला माझ्यासमोरून गेली. एकदाही बघितलं नाही. मी मात्र दर फेरीला तिचे ओठ बघत होते.