चोरओटी भरल्यावर कळलेली गाठ

"पोटात बाळ नाहीये," नांदेडच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "नीट बघा, आमच्याकडं चोरओटीसुद्धा झालीय."

हदगावजवळच्या आमच्या गावात तिसरा महिना लागला की गाजावाजा न करता सुनेला पाटावर बसवून ओटी भरतात, तीच चोरओटी. माझी पाळी चुकली होती, छातीतून दूध येत होतं. लग्नानंतर इतकी वर्षं वाट पाहिलेली, मग तपासणीचं कुणाला सुचणार? डोकं ठणकायचं, तेही आम्ही डोहाळ्यांत जमा केलं. बायांनो, आधी तपासणी करा, मग ओटी भरा.

रक्तात प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं निघालं. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात वाढतं ते हे हार्मोन. मग एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात बारीक गाठ होती. शरीराला ती खोटंच सांगत होती, बाळ झालंय, दूध कर.

"कॅन्सर नाही. गोळ्यांनी बहुतेक आटोक्यात येते," हार्मोनचे डॉक्टर म्हणाले.

मला आनंद झाला नाही. जे बाळ नव्हतंच त्याच्यासाठी मी दवाखान्याच्या बाकड्यावर ढसाढसा रडले. गावात तर बोलायला तोंडंच तोंडं. वांझेला पान्हा फुटला म्हणे! सासूबाई माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "हिच्याच अंगात खोट हाय." ते मला गाठीपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या खेपेला सासूबाईच सोबत होत्या, नवरा कापूस घेऊन बाजारात गेलेला. डॉक्टरांनी शेतीची चौकशी केली. फवारणीची औषधं, कारखान्यांतली रसायनं यांचा अशा गाठींशी संबंध आहे का, यावर संशोधन चालू आहे, रक्ताचा नमुना द्याल का, असं विचारलं.

मी तेच धरून बसले. "म्हणजे औषधानंच झालं ना? तसं लिहून द्या." मला ते गावाच्या तोंडावर मारायचं होतं.

"तुमच्या गाठीचं कारण हेच, असं आज कुणीच सांगू शकत नाही. कदाचित कधीच कळणार नाही."

संताप आला मला. एवढी मोठाली मशिनं, आणि एका बाईला देण्याजोगं उत्तर नाही!

"कपाशीवरचं औषध कोण कालवतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच. बादलीत, हातानं."

मागून सासूबाई बोलल्या, "म्याच शिकवलं तिला. काठीनं नीट मिसळत न्हाई म्हणून." त्या पुढं आल्या आणि दंड उघडा केला. "सायेब, माझंबी रगत घ्या. म्या लई वर्षं कालवून राहिले. पर हिच्या अंगात खोट हाय असं नगा लिहू."

नर्सनं आधी त्यांच्याच दंडाला रबर बांधलं.

गोळ्या अजून चालू आहेत. मूल होईल का, ही धास्ती रोज वाटते. पण ज्या तोंडानं मला खोट लावली त्याच तोंडानं सासूबाईंनी ती काढून घेतली; त्यांच्या ऋणातून मी उतराई व्हायची नाही.