मधल्या माणसाचा शब्द

"थांबा तात्या, आधी गाडी चालू हू द्या. मग निघालो म्हणतो."

आमचे जनावरांचे डॉक्टर फोनवर असं म्हणायचे आणि फोन न ठेवता खरोखरच गाडीला किक मारायचे. ती धडधड आपल्या कानावर पडली की मग म्हणायचे, "हां. आता निघालो."

हा प्रकार आमच्या लोकांच्या पचनी पडायला फार दिवस लागले. आमच्याकडं "निघालो" म्हणजे माणूस अंघोळीला निघाला. "आलोच" म्हणजे अजून चहा व्हायचाय. आणि "पोचतोच बघा" असं कुणी म्हणालं की वाट बघणारा खुशाल उसाला पाणी द्यायला जातो. तुमच्याकडंही याहून फार वेगळं नसणार. डॉक्टर मात्र जे झालेलं नाही ते झालं म्हणून कधी सांगायचे नाहीत. सुरुवातीला आम्ही त्यांची टिंगल करायचो. नंतर त्यांच्या "निघालो"वर लोक गोठ्यात पाणी तापत ठेवायला लागले.

मी कळसचा. गावात दूध गोळा करायचं केंद्र चालवतो, हा माझा धंदा. माईक दिसला की पाय आपोआप तिकडं वळतात, हा माझा रोग. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात वाढदिवस असो, उद्घाटन असो, निरोप असो, सूत्रसंचालनाला मी. आणि ज्याला बोलता येतं त्याला सोयरीकही जमवता येते, असा लोकांचा एक गैरसमज आहे. त्यामुळं लग्नाच्या बैठकीतला मधला माणूसही बहुतेक वेळा मीच.

डॉक्टर सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलेले. हुशार पोरांनी शिकून बाहेर पळू नये, आपल्याच तालुक्यात काम करावं, म्हणून देतात ती शिष्यवृत्ती. शिक्षणाचा खर्च सरकार करणार आणि त्याबदल्यात पोरानं काही वर्षं गावाकडं नोकरी करायची. कागदोपत्री त्याला बाँड म्हणायचे. पारावर त्याला दावं म्हणायचे. "सरकारनं डॉक्टरला दावं लावलंय, सुटलं की पळतंय बघा," असं जो तो सांगायचा.

ते रुजू झाले तेव्हा आम्ही सत्कार ठेवला. फ्लेक्सवर डॉक्टरांपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. कोपऱ्यातला गॉगलवाला तो मी. माईक अर्थातच माझ्या हातात. मी म्हणालो, ह्या लेकरानं पुण्या-मुंबईच्या नोकऱ्यांवर लाथ मारली आणि मायभूमीच्या ओढीनं धावत आलं. टाळ्या पडल्या. मग डॉक्टर उठले, फेटा सावरला आणि म्हणाले, "लाथबिथ काय मारली न्हाय. शिष्यवृत्तीची अट हाय, म्हणून आलोय. आवडलं तर ऱ्हाईन." आणि बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. मी घाईघाईनं चहाची घोषणा केली.

गोठ्यात शिरले की मालकाला रामराम नंतर. आधी जनावराच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि विचारायचे, "काय म्हणती बाई?" बाई काही म्हणायची नाही, पण तिच्या कातडीची थरथर थांबायची. एकदा माझ्या गाईचं पोट फुगलं. मोबाईलवर बघून तिला मी कसला तरी काढा पाजला होता आणि ते लपवायचं असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, काय दिलंय? मी म्हणालो, रोजचंच. ते गाईकडं वळले. "बरं, मग तू सांग." इतक्या गंभीरपणानं विचारलं की ती सांगून टाकेल या भीतीनं मीच बोलून गेलो.

काटेवाडीच्या एका बड्या माणसानं एकदा चारचाकी पाठवली होती. डॉक्टर तेव्हा एका म्हातारीच्या शेळीचं खूर साफ करत बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, चला, साहेब थांबलेत. डॉक्टरांनी विचारलं, गाय विताना अडलीय का? तो म्हणाला, तसं न्हाय, तपासायची हाय, पण साहेब थांबलेत. "मग थांबू दे की. साहेब अडलं असतं तर माणसांचा डॉक्टर बघितला असता." शेळी पुरी झाल्यावरच ते गाडीत बसले. ही गोष्ट मी नंतर किती कार्यक्रमांत सांगितली असेल, त्याला हिशेब नाही. सांगताना म्हातारीच्या जागी मी स्वतःला घालायचो.

सगळं बरं चाललं होतं. अडलं ते लग्नाशी.

आमच्या भागात पोरीच्या बापाचा पहिला प्रश्न, पोरगं कुठं असतं? "पुण्यात" असं उत्तर आलं की पुढचे प्रश्न मऊ होतात. पुण्यात काय करतं हे कुणी फारसं खोदत नाही. "गावात" असं उत्तर आलं की चहा येतो, पोहे येत नाहीत. डॉक्टर म्हटल्यावर पाहुणे सरसावून बसायचे, जनावरांचा म्हटल्यावर जरा मागं टेकायचे, आणि कळसला असतो म्हटल्यावर घड्याळ बघायचे. असं बरेचदा झालं. शेवटी डॉक्टरांची आई माझ्या केंद्रावर आली. "तात्या, तुमच्या जिभंवर साखर हाय. तेवढं माझ्या पोराचं बघा."

मी बघितलं. पाहुणे नरसिंहपूरचे, मुलगी शिकलेली, शांत. बैठकीत पोहे आले, वर ओलं खोबरंही होतं. तेव्हाच मी ओळखलं की जमतंय. मग मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवून विचारलं, "समदं पसंत हाय पावणं. पर पोरगं कायमचं कळसलाच ऱ्हाणार का काय?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. पण मी त्यांच्या आधी उघडलं.

"छ्या! ते बाँड हाय म्हणून अडकलंय. बाँड सुटला की पुण्याला. तिकडं समदं ठरलंय. हा माझा शब्द."

काहीही ठरलेलं नव्हतं. वाक्य शेवटी हलकं पडतंय असं वाटलं, म्हणून ते मी घातलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि मग पोह्यांकडं. आतून सुपारी आली, फोडली, गोड झालं. मी विजयी वीरासारखा त्यांच्या गाडीवर मागं बसलो.

निम्म्या वाटेवर त्यांनी गाडी उसाच्या कडेला घेतली. म्हणाले, "तात्या, बाँड तर गेल्या सालीच सुटला."

मला वाटलं ते गंमत करतायत. पण ते गंमत करत नसत. मी विचारलं, "मग तुमी गेला का न्हाय?"

"आवडलं."

"मग तितंच सांगायचं की सगळ्यांच्या म्होरं."

"कसं सांगू? तुमी खोटं पडला असता. बैठकीत मधल्या माणसाला खोटं पाडत्यात व्हय?"

मी हसलो. सोयरिकीत असं बोलावंच लागतं, धरून कोण बसतंय, असं त्यांना समजावलं. माझ्याच लग्नात माझ्या मधल्या माणसानं माझ्या नावावर एक विहीर सांगितली होती. बायको अजून ती शोधतेय, हेही सांगितलं. त्यावर ते हसले सुद्धा. मग किक मारता मारता म्हणाले, "सुपारी फुटलीया तात्या. आता ते खरं करावं लागंल."

मला तेव्हाही वाटलं, लग्न झालं की विसरतील. जो माणूस गाडी चालू झाल्याशिवाय निघालो म्हणत नाही, त्याच्याबद्दल मी असं समजलो. माझ्या बुद्धीचं माप तुम्हाला यावरून कळेल.

लग्न झालं. सूनबाई कळसला आल्या आणि आठवड्याभरात दवाखान्याचा फोन त्यांनी स्वतःकडं घेतला. "जेवतायत. हात धुतले की निघतील," असं सांगायच्या आणि ते तसंच असायचं. गाईच्या ज्या गोष्टी बायका डॉक्टरांना सांगायला लाजायच्या त्या सूनबाईंना सांगायच्या. वासरांना लस टोचायच्या दिवशी दवाखान्यापुढं जत्रा भरायची आणि त्यात ह्या पदर खोचून उभ्या. मी मनात म्हणालो, काम झालं, आता पुण्याचं नाव कोण काढतंय.

नाव काढत होते नरसिंहपूरचे पाहुणे. त्यांनी सगळ्या भावकीत जावई पुण्याला चालल्याचं सांगून ठेवलं होतं. दर फोनला विचारायचे, कधी जाताय? आणि एके दिवशी सूनबाई स्वतः माझ्या केंद्रावर आल्या. दुधाची भांडी रिकामी होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या:

"तात्या, मला पुण्याला जायचंच न्हाय. माहेरी आबांना सांगितलं तर म्हणतात, बैठकीत शब्द झालाय, तू मधी पडू नको. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, शब्द माझ्या नावानं झालाय. दोघंबी ऐकंनात. आता तुमीच तो मागं घ्या. तुमचाच तर हाय."

मी म्हणालो, उद्याच जातो. आणि गेलो. खरंच गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. आबा, चुकलं, मी बोलण्याच्या भरात बोललो, पोरं हितं सुखात हायत, त्यांना ऱ्हाऊ द्या. साधं होतं. दूधवाल्या पोरालाही जमलं असतं.

नरसिंहपूरला पोचलो तर त्यांच्या अंगणात जाजम अंथरलेलं. धाकट्या मुलीची बैठक चालली होती. मला बघून आबा उठून पुढं आले, हाताला धरून मधोमध बसवलं आणि नव्या पाहुण्यांना म्हणाले, "हेच ते. ह्यांचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ." मला टॉवेल-टोपी झाली, हातात नारळ आला, आणि कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला.

मी उभा राहिलो. चुकलं म्हणायलाच उभा राहिलो होतो. पण समोर माणसं मांडी घालून बसलेली, सगळ्यांचे डोळे माझ्यावर, आणि मी चुकलं म्हणालो असतो तर धाकटीची सोयरीक तिथंच मोडली असती, असं मला त्या क्षणी वाटलं. आता वाटतं, ते निमित्त होतं. मला ती टोपी काढून ठेवायची नव्हती. मी बोललो. जावईबापू पुण्यात केवढा दवाखाना टाकणार हे सांगितलं. शहरातली बडी माणसं कशी रांग लावतील हे सांगितलं. टाळ्या पडल्या. श्रीखंड-पुरीचं जेवण होतं. मी पुऱ्या मोजल्या नाहीत.

परत येताना डॉक्टरांच्या दारावरूनच यावं लागतं. सूनबाई ओट्यावर हिरवा चारा निवडत होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी बघितली, हातातला नारळ बघितला. उठल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेवते."

मी चहा प्यायलो. तोही चांगला होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

सरकार अशी शिष्यवृत्ती देतं ती कशासाठी? अट संपल्यावरही एखाद्यानं आपणहून राहावं, यासाठीच ना? तसा माणूस आमच्या वाट्याला आला होता. दावं सुटलं तरी गोठ्यात उभा राहिलेला. त्याला हुसकायला ना पुण्याची नोकरी लागली, ना मोठा पगार. मी एकटा पुरलो.

निरोप समारंभात माईक माझ्याकडंच येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी घसा बसल्याचं सांगितलं. माझा घसा बसू शकतो यावर गावाचा विश्वास बसला नाही. डॉक्टर जाताना माझ्याकडं आले, वाकले, आणि हळूच म्हणाले, "तात्या, गाईचे दिवस भरत आल्यात. मोबाईल बघून काय पाजू नका." एवढंच. रागाचा एक शब्द काढला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

गाय अडली. नव्या डॉक्टरांकडं बरीच गावं आहेत. ते आले तोवर वासरू गेलं होतं. गाय वाचली. त्या दिवशी पुण्याचा नंबर काढून मी फोन हातात धरून बसलो होतो. लावला नाही. लावून म्हणणार काय होतो?

परवा पुण्यात काम निघालं तेव्हा मात्र त्यांच्या दवाखान्यात गेलो. बसायच्या जागेत कुत्री, मांजरं, पिंजऱ्यात एक पोपट, आणि प्रत्येकाबरोबर त्याचं माणूस. एका कुत्र्याच्या अंगात स्वेटर होता. एकटा मीच मोकळ्या हातानं बसलो होतो. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, पुण्याच्या माणसासारखा नीटनेटका, "काळजी करू नका, दोन दिवसांत फरक पडेल." मग आवाज खाली आला आणि कुणाला तरी म्हणाला, "हिकडं बघ. न्हाय दुखायचं, न्हाय."

शेजारी मांजर घेऊन बसलेल्या बाईंनी माझ्याकडं मायेनं बघितलं. विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

मी म्हणालो, "डॉक्टर."

बाई खळखळून हसल्या. मी विनोदी माणूस आहे, हे त्यांनाही लगेच कळलं.