गेटवरच्या मावशींचं व्याकरण

माल भरलेला ट्रक बाहेर निघाला की गेटवरच्या मावशी आधी चलन तपासायच्या आणि मग ट्रकच्या मागे जाऊन तिथलं इंग्रजी मोठ्यानं वाचायच्या. क्रियापद सापडलं की मान हलवून गेट उघडायच्या. "ह्या 'हॉर्न प्लीज'मदी क्रियापदच नाय," असं त्यांनी एकदा एका पंजाबी ड्रायव्हरला सांगितलं होतं. त्याला काही कळलं नाही. तो घाईत होता.

मी भिसेगावहून कुंभिवलीजवळच्या त्या कारखान्यात टायपिंगला जायचे. मावशी लोधिवलीच्या. पन्नाशी उलटलेली, सिक्युरिटीचा निळा शर्ट साडीवर चढवलेला. दहावीला इंग्रजीत नापास झाल्या आणि शाळा तिथेच संपली. आता फोनवर फुकटच्या साइट उघडून त्या व्याकरण शिकत. एका साइटवर एकेका नियमाखाली दहा-दहा वाक्यं असायची, गाळलेली जागा भरायची. दहापैकी दहा येईपर्यंत तेच पान पुन्हा. गेटच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं त्यांच्या उत्तरांनी भरली होती.

मी एकदा विचारलं, "मावशी, क्लास का नाही लावत?"

"क्लासात पोरं हसतात गं. हे चुकलं तं लाल दाखवतं. हसत नाय."

व्हिडिओवर मराठीतून इंग्रजी शिकवणारे एक सर होते. मावशी त्यांना 'आपले सर' म्हणत. त्या सरांना अशी कोणी विद्यार्थिनी आहे हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी डबा खाताना मावशी सांगायच्या, "सर आज दमल्यावानी वाटले. आवाज बसलाय."

कधी त्या मला नियम विचारायच्या. 'हॅज गॉन' कधी आणि 'वेंट' कधी? मी पदवीधर, रोज इंग्रजी पत्रं टाइप करणारी, पण मला कारण सांगता यायचं नाही. "असंच म्हणतात," असं मी म्हणायचे. मावशी फोनवर शोधून दुसऱ्या दिवशी मलाच समजावायच्या.

हे सगळं कशासाठी, हे त्यांनी एकदाच सांगितलं. नवरा दवाखान्यात असताना कुणीतरी इंग्रजी कागद पुढे केला होता. "सही करा म्हनले, केली. नवरा गेला. कशावर केली, आजून म्हाईत नाय."

त्या पावसाळ्यानंतर पॅकिंगच्या मशीनमध्ये कमळीचा हात गेला. कमळी डोंगरावरच्या वाडीतली, कंत्राटावर कामाला. दोन बोटं गेली. मशीनसमोर हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. काम भराभर व्हावं म्हणून सुपरवायझरनं ती सकाळीच काढली होती. प्रथमोपचाराची पेटी गेटवर असायची, म्हणून मावशी पहिल्या धावत गेल्या. कमळीच्या हाताला कापड गुंडाळताना त्यांनी सुपरवायझरला ती जाळी परत बसवताना पाहिलं.

मॅनेजरसाहेबांनी रिपोर्ट तोंडी सांगितला, मी टाइप केला. 'जाळी काढण्यात आली होती' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं, आणि खाली कमळीच्या निष्काळजीपणाचा मुद्दा. साक्षीदार म्हणून मावशींची सही हवी होती. कागद घेऊन मीच गेटवर गेले.

मावशींनी एकेका शब्दाखाली बोट ठेवत तो वाचला. बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "ह्यात काढनारा कुटं हाय?"

"रिपोर्टमध्ये असंच लिहितात, मावशी."

"लिवतात, म्हाईत हाय. पॅसिव्हचा धडा झालाय माजा. काढनारा म्हाईत नसंल तं सोडायचा, आसं सरांनी सांगितलंय. हिथं म्हाईत हाय."

त्यांनी सही केली नाही. कागद मला परत दिला आणि गेटचं रजिस्टर पुढे ओढून त्या दिवसाच्या नोंदीखाली इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. सुपरवायझरनं जाळी काढली. मी त्याला ती परत बसवताना पाहिलं. सुपरवायझरचं नाव पूर्ण लिहिलं, खाली आपलं. एकही चूक नव्हती.

चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांना आत येताना त्याच रजिस्टरवर सही करावी लागली. त्यांनी वरची नोंद वाचली. मग मावशींना आत बोलावलं, कमळीलाही बोलावलं. कमळीच्या निष्काळजीपणाचा मुद्दा वगळला गेला, सुपरवायझरची नोकरी गेली. दुसरा रिपोर्ट झाला, तोही मीच टाइप केला. बोटं तितक्याच वेगानं चालत होती. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

महिन्याभरात सिक्युरिटी एजन्सीनं मावशींची बदली पनवेलच्या पलीकडे केली. रोज एवढं जाणं-येणं त्यांना झेपणारं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी काम सोडलं.

गेल्या वर्षी त्या वारल्या. लोधिवलीला दहाव्याला मी गेले. कमळी वाडीवरून उतरून आली होती, उरलेल्या तीन बोटांनी पदर धरून बसली होती. मावशींच्या सुनेनं चहा दिला, मी तो प्यायले. लोक रडत होते. मला रडू आलं नाही, आणि त्याचं नवलही वाटलं नाही.

आमचं शेवटचं बोलणं त्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, गेटवर झालं होतं. शिट्टी आणि टोपी नव्या माणसाच्या हवाली करून त्या पिशवी उचलत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"तुला म्हाईत होतं ना गं, जाळी कुनी काढली ते?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी हो म्हटलं.

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुला पॅसिव्ह येत नसंल."