मास्तरांचे शेरेबुक

पोलिसाने मोटार थांबवली म्हणून मनापासून खूश होणारा मोटारवाला साऱ्या मुंबई राज्यात एकच होता, आणि तो मुलुंडला आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. वर्तमानपत्राच्या कचेरीत इतरांच्या बातम्या तपासणे हा माझा धंदा. ‘एकमेव’ हा शब्द दिसला की त्यावर लाल रेघ मारायची, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. वरचे वाक्य मात्र मी दोनदा तपासले आणि तसेच ठेवले.

आमचे शेजारी लोकल बोर्डाच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सगळे मुलुंड त्यांना मास्तर म्हणे. घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याच्या तीन मुलांना त्यांनी घरी जाऊन शिकवले होते. त्या व्यापाऱ्याने नवी मोटार घेतली आणि जुनी मास्तरांच्या दारात आणून उभी केली. मास्तर तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी पाठांतराने मोटार शिकली, म्हणजे आधी सगळे नियम घोकले आणि मग चाकाला हात लावला. मोटार सुरू करायची तर पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. मास्तर ते धोतराचा सोगा खोचून आणि कोट घालून मारत. कोटाशिवाय त्यांनी मोटार चालवलेली कोणी पाहिली नाही.

मोटार हलण्यापूर्वी हजेरी होई. आधी मोटारीची. मास्तर खणखणीत आवाजात विचारत, “भोंगा?” आणि स्वतःच रबरी फुगा दाबून त्याच्याकडून उत्तर घेत. “ब्रेक?” तोही आपल्या परीने कुरकुर करून हजेरी लावी. मग माणसांची. प्रत्येकाचे नाव पुकारले जाई आणि प्रत्येकाने ‘हजर’ म्हणायचे. एकदा माझी पत्नी हसू आवरताना उत्तर द्यायला विसरली, तर मास्तरांनी मागे वळूनही न पाहता पुढचे नाव घेतले आणि मोटार सुरू करण्याआधी शांतपणे म्हणाले, “गैरहजर मुलांनी उतरावे.” ती खरोखर उतरू लागली होती. वेग सायकलीपेक्षा कमी. वळायचे असेल तर उजवा हात इतका आधी बाहेर येई की भांडुपच्या एका बाईने ओळखीचे समजून दोनदा नमस्कार केला होता. मास्तरांनीही वळण सोडून आधी नमस्कार परत केला.

पण मास्तरांचे खरे वेगळेपण शेरेबुकात होते. शाळेत तपासणीला साहेब आले की जाताना ते एका जाड वहीत शेरा लिहून जातात, आणि हेडमास्तरांनी पुढच्या तपासणीच्या आत त्याप्रमाणे सुधारणा करून खाली ‘पूर्तता केली’ असे नोंदवायचे असते. मास्तरांनी चाळीस वर्षे हे केले होते. मोटार आल्यावर त्यांनी तशीच एक वही घेतली, तिला तपकिरी पुठ्ठा घातला आणि ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवली. त्या सीटवर मग माणसाला बसता येत नसे. रस्त्यावरचा पोलीस म्हणजे सरकारने पाठवलेला तपासनीस, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. पिवळ्या टोपीच्या शिपायाने आडवा हात केला की मास्तर मोटार डाव्या कडेला घेत, यंत्र बंद करत, खाली उतरून कोटाची सगळी बटणे लावत आणि लायसन, कागदपत्रे, शेरेबुक व टाक अशा क्रमाने सगळे पुढे करत.

“साहेब, शेरा द्यावा.”

“आवो मास्तर, म्या नुस्ता बैलगाडीसाठी हात केलाय. जावा की म्होरं!”

“बैलगाडी जाईल. आपण तपासणी पूर्ण करा.”

शेरा मिळेपर्यंत मास्तर हलत नसत, त्यामुळे शेरे मिळत. वहीची पहिली पाने मला जवळजवळ पाठ आहेत. ‘मोटार पाहिली. बरी आहे. भोंगा बारीक, मोठा करावा.’ खाली मास्तरांचे अक्षर: ‘पूर्तता केली. नवा भोंगा बसविला.’ दारूबंदीचे दिवस होते. मनोरीहून, वसईहून बाटल्या येतात म्हणून पोलीस मोटारी हुंगत. त्या काळातला शेरा असा: ‘मागे बाटल्या दोन सापडल्या. वास घेतला. पाणी. मास्तरांच्या तोंडाचाही वास घेतला. बडीशेप.’ त्याखाली पूर्तता अशी की पाण्याच्या बाटल्यांवर यापुढे ‘पाणी’ अशी चिठ्ठी डकवली आहे. एका वैतागलेल्या शिपायाने नुसते लिहिले होते, ‘मास्तर भला माणूस. रस्त्यात थांबू नये.’ या शेऱ्याची पूर्तता करायची तर पुढचा शेरा मिळणार नाही, या पेचात मास्तर आठवडाभर होते.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. आग्रा रोडवरचे शिपाई मास्तरांची मोटार दिसली की पाठ फिरवू लागले. इतरांच्या मोटारी पोलिसाला पाहून वाट बदलत. मास्तरांच्या मोटारीला पाहून पोलीस वाट बदलत. “दोन महिने तपासणी नाही,” ते माझ्याजवळ तक्रार करत. “शाळा चालते कशी म्हणायची?”

याच सुमारास माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घाटकोपरच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी विजेचा शेक घ्यायला न्यायचे होते. ताठ बसवत नसलेल्या माणसाला बसमध्ये कसे चढवायचे, हा प्रश्न मी घरात मोठ्याने विचारत होतो, आणि आमची भिंत पातळ होती. गुरुवारी सकाळी सात वाजता मास्तर कोट घालून आमच्या दारात उभे. “वडिलांना आणा. हजेरी सुरू होते आहे.” सव्वा वर्ष त्यांनी एक गुरुवार चुकवला नाही. आणि हजेरीत त्यांनी वडिलांना सूट दिली नाही. नाव पुकारायचे आणि थांबायचे. पहिल्या दिवशी वडिलांच्या तोंडून नुसती हवा आली. मास्तर थांबले. रस्त्यावरचा दूधवाला थांबून पाहू लागला. मी म्हणालो, “मास्तर, राहू द्या हो.” ते म्हणाले, “मुलगा वर्गात आहे. उत्तर देईल.” सातव्या गुरुवारी वडील ‘हजर’ म्हणाले. झटक्यानंतरचा त्यांचा तो पहिला स्पष्ट शब्द. मास्तरांनी मागे वळून पाहिले नाही. फक्त भोंगा, ज्याची हजेरी आधीच झाली होती, पुन्हा एकदा वाजवला.

भांडुप नाक्यावर एक उंच, अबोल शिपाई असे. कराडकडचा. तो पाठ फिरवत नसे, पण शेरेबुक पुढे आले की सही करून परत देई. तिसऱ्या वेळी मास्तरांनी विचारले, “नुसती सही? शेरा कुठे आहे?”

शिपायाने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “मास्तर, लिवाया येत न्हाई. सही तेवढी गिरवून गिरवून बसवलीया. सायबाला म्हाईत न्हाई.”

पुढच्या गुरुवारी मोटारीत पाटी आली. जाताना मास्तर तिच्यावर एक ओळ लिहून देत, शिपाई ती चौकीत ठेवी आणि गाड्यांची वर्दळ कमी झाली की गिरवी. परतताना तपासणी. आता आडवा हात शिपाई स्वतः करी. मागे लॉऱ्या खोळंबत. “शाळा भरलीय काय रे रस्त्यात?” एक लॉरीवाला ओरडला. मास्तर पाटीवरून नजर न काढता म्हणाले, “भरली आहे. तूही बस.”

त्या हिवाळ्यात मास्तरांच्या मोटारीच्या डाव्या अंगाला काहीबाही घडू लागले. स्टेशनजवळ एका हातगाडीचे कांदे रस्ताभर झाले. मग दूधवाल्याची सायकल. मग आमच्याच फाटकाचा खांब, जो मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी तिथे नव्हता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, धोशा लावला. “अहो, डोळा दाखवून घ्या. तोवर ती मोटार बंद करा.” मास्तरांचे उत्तर ठरलेले: “शेरेबुकात तसे कुठे लिहिले आहे?” काकू माझ्याकडे आल्या. “तुझं ऐकतील ते. तू सांग ना रे.” मी सांगतो म्हणालो आणि सांगितले नाही. कारण दर गुरुवारचा दवाखाना होता. वडील आता दोन शब्द जोडून बोलत होते, काठीला धरून चार पावले टाकत होते. मोटार बंद म्हणजे ते सगळे बंद. मी मागच्या सीटवर वडिलांना धरून बसे, डाव्या खिडकीवर नजर ठेवून, आणि काही आडवे येताना दिसले की सहज बोलल्यासारखे “मास्तर, सायकल” असे म्हणे. दुसऱ्याने बातमीत काय दडवले आहे ते शोधून काढण्याचा मला पगार मिळत होता.

अशाच एका गुरुवारी भांडुप नाक्यावर नळासाठी रस्ता खोदला होता. म्हणून शिपाई नेहमीची जागा सोडून डाव्या कडेला उभा होता. त्याने हात आडवा केला. वडिलांची मान खांद्यावर कलली होती, मी ती सावरत होतो. मास्तर सरळ पुढे गेले. मोटारीचा पत्रा शिपायाच्या बोटांना चाटून गेला. शिट्टी वाजली, मग धावणाऱ्या बुटांचा आवाज.

मास्तरांनी मोटार थांबवली. उतरले. बटणे लावली. चेहरा फुललेला. “अरे, तू आज कुठे होतास? दिसला नाहीस.”

शिपाई धापा टाकत होता. त्याने मास्तरांकडे पाहिले, मग मागच्या सीटवरच्या वडिलांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे तो जरा जास्त वेळ पाहत राहिला.

“बुक द्या मास्तर,” तो म्हणाला.

मोटारीच्या टपावर वही ठेवून तो लिहू लागला. पाटी समोर नव्हती, गिरवायला ओळ नव्हती. एकेक अक्षर तो ओठांनी आधी म्हणत होता. मागे सहा-सात गाड्या उभ्या राहिल्या आणि नवल म्हणजे कोणी भोंगा वाजवला नाही. मास्तर हात मागे बांधून, परीक्षेच्या वेळी उभे राहावे तसे, थोडे दूर उभे होते. वहीतला तो शेरा असा आहे:

‘मास्तरांना डाव्या अंगाचे दिसत नाही. आज माझा हात दिसला नाही. यापुढे मोटार चालवू नये.’

खाली सही.

मास्तरांनी वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. शिपायाची मान खाली होती. “रागावू नका मास्तर. तुमीच म्हनला हुता, जे दिसंल त्ये लिवायचं.”

“रागावू कशाला?” मास्तर म्हणाले. पानावरून बोट फिरवत म्हणाले, “अक्षर चांगले आले आहे. ओळी सरळ आहेत.” मग त्यांनी टाक मागून घेतला आणि तिथेच उभ्याने खाली लिहिले: ‘पूर्तता केली.’ आणि मोटारीची किल्ली शिपायाच्या हातावर ठेवली.

शिपायाने मागच्या लॉरीला बोलावले. तिच्यावर दोन सरदारजी ड्रायव्हर होते. त्यांतला एक उतरून आला, त्याने शिपायाकडून किल्ली घेतली. मास्तर काय करावे ते न कळून रस्त्यात उभे होते. मग टपावरचे शेरेबुक त्यांनी उचलले, शेजारच्या सीटवर त्याच्या जागी बसले आणि ते मांडीवर घेतले. स्वतःच्या मोटारीत त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. सरदारजीने चाक धरले. हजेरी घेणारे कोणी नव्हते, आणि ते आम्हा सगळ्यांना एकदमच जाणवले.

तेव्हा माझ्या खांद्याला टेकलेल्या वडिलांचा आवाज आला. जड, पण ऐकू येईल असा.

“मास्तर?”

मास्तरांनी वळून पाहिले नाही. त्यांची मान एकदा हलली.

“हजर,” ते म्हणाले.

पुढची व्यवस्था शिपायानेच लावली. दर गुरुवारी रिकामी लॉरी घेऊन घाटकोपरला जाणाऱ्या त्याच सरदारजींना त्याने मुलुंडला आमच्या दारावरून यायला सांगितले, म्हणजे पोलिसी आवाजात सांगितले. लॉरीत पुढे वडील आणि मास्तर, मागच्या हौद्यात मी. भांडुप नाक्यावर लॉरी थांबे, पाटी वर जाई, पाटी खाली येई. दिवाळीपर्यंत वडील काठीने आपले आपण बसमध्ये चढू लागले, आणि त्यानंतर अकरा वर्षे जगले. शिपायाने पुढे हवालदाराची परीक्षा दिली. पेढे घेऊन तो आधी मास्तरांकडे गेला आणि मग आमच्याकडे आला. त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला. मी म्हणालो, “तो शेरा मी लिहायला हवा होता, हवालदार.” तो हसला. “तुमी रोजच लिवताय की सायेब. माजं म्हंजी तेवढं एकच.”

शेरेबुक आता माझ्याकडे आहे. मास्तर गेल्यावर काकूंनी दिले. निम्मी पाने कोरी आहेत. मास्तरांनी आणि त्या शिपायाने मला सव्वा वर्षाचे गुरुवार दिले, वडिलांचा आवाज दिला, आणि त्याची पावती लिहायची म्हणून मी ते पुष्कळदा उघडले; पण त्या वहीत लिहिण्याचा अधिकार तपासणाऱ्याचा, माझा नव्हे. एवढे मात्र आहे की, टॅक्सीने जाताना नाक्यावर शिपायाने आडवा हात केला आणि ड्रायव्हर पुटपुटत ब्रेक लावू लागला, की मागच्या सीटवर माझा हात आपोआप वर जातो आणि मी कोटाची बटणे लावून घेतो.