पंपरूममधल्या मधमाश्या

मधमाश्या वाचवायला गेलं की माश्या हाती लागोत न लागोत, किस्सा हमखास लागतो. मी बोरिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझा मित्र सावियो याची मनोरीला भाजीची वाडी आहे. कुठल्या सोसायटीत सातेरी जातीच्या मधमाश्यांनी घर केलं की आम्ही दोघं लाकडी पेटी घेऊन जातो, माश्या पेटीत घेतो आणि पेटी त्याच्या वाडीत ठेवतो.

सावियोचा हा छंद नाही, गरज आहे. त्याच्या भोपळ्याला आणि काकडीला फुलं ढीगभर येतात, पण फुलांवर माशीच फिरकत नाही. मग कोवळं फळ पिवळं पडून गळतं. यंदाही वेलांना फळं धरली नाहीत तर वाडी शेजारच्या कॉटेजवाल्याला विकायची, असं भावांनी ठरवून टाकलंय. म्हणून हा पन्नाशीचा माणूस रोज उजाडताना रंगाचा ब्रश घेऊन फुलाफुलासमोर वाकतो आणि नराचा पराग मादीला लावतो. पाठ धरलीय त्याची.

आणि आमच्या सोसायट्या बघा!

घाटकोपरला मीटरबॉक्समध्ये पोळं होतं. मी सेक्रेटरींना म्हटलं, "आम्ही सूर्य मावळल्यावर येतो. तेव्हा सगळ्या माश्या घरी परतलेल्या असतात."

"पाचनंतर बाहेरच्या कामगारांना एंट्री नाही. रूल आहे."

"अहो, पण माश्या उशिरा येतात!"

"मग त्यांना सांगा ना लवकर यायला!"

शेवटी भर दुपारी पेटी उचलली. बाहेर गेलेल्या माश्या दोन दिवस रिकाम्या मीटरबॉक्सभोवती घर शोधत राहिल्या. पेटीतल्या थोड्या होत्या, त्याही टिकल्या नाहीत. वर सेक्रेटरींचा मलाच फोन, "मॅडम, काम अर्धवट केलंत!"

*

अंधेरीच्या एका बाईंनी टेरेसवर किचन गार्डन केलंय. त्यांचा फोन आला, "काकडीला नुसती फुलं येतात हो. कुठलं खत घालू?"

"माश्या येतात का फुलांवर?"

"छे! सगळीकडून बारीक जाळी मारून घेतलीय ना!"

*

मुलुंडला आम्ही पोचायच्या आधीच पेस्ट कंट्रोल झालं होतं. मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला, आणि कमिटीतले एक काका स्टीलचा डबा घेऊन उभे.

"तेवढा मध काढून द्या. घरचा मध, प्युअर!"

"काका, विष मारलंय त्यावर."

"मग वरचा थर टाकून देऊ ना!"

मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेत नोकरी आहे माझी.

*

आता बोरिवलीचं ऐका. पंपरूममधल्या जुन्या कपाटात सातेरीचं भलं मोठं पोळं होतं. मी चेअरमनना हात जोडून सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत थांबा. सावियो मनोरीहून फेरीबोटीने, मांडीवर पेटी घेऊन आला. आम्ही पोचलो तर पंपरूममध्ये औषधाचा वास आणि जमिनीवर झाडूने केलेला काळा ढीग.

"मेंबर घाई करत होते," चेअरमन म्हणाले. "चार माश्यांचं एवढं काय मनाला लावून घेता!"

सावियो रिकामी पेटी उचलून चालू लागला. मला रडू येत होतं, रागाने.

महिन्याभराने मी वाडीवर गेले होते. सकाळी कुंपणाशी एक कुटुंब येऊन उभं राहिलं. शेजारच्या कॉटेजमध्ये उतरलेलं. पुढे तेच चेअरमन! त्यांनी आम्हाला ओळखलंही नाही.

"भोपळा मिळेल का? अगदी नॅचरल हवा बरं. मार्केटमधला औषध मारलेला नको."

सावियोने वेलावरून नजर फिरवली. मग हातातला ब्रश त्यांच्यापुढे धरला.

"लावा हात. ते नराचं फूल, ही मादी. त्यातला पराग हिला लावायचा. नाहीतर भोपळा धरत नाही."

चेअरमन हसले. "हे काय माणसाचं काम आहे? हे करणाऱ्या माश्या कुठे गेल्या तुमच्या?"

"तुमच्या पंपरूममध्ये होत्या, साहेब."